समोरच्या दुकानातली घासाघीस

बटणवाल्यांच्या आयुष्यात दोन बायका होत्या. एक त्यांची बायको आणि दुसरी त्यांच्याशी भांडणारी. बायको भांडत नसे असं नाही, पण ती फुकट भांडायची. दुसरी पैसे देऊन भांडायची, आणि हा फरक दुकानदारालाच कळतो.

ही दुसरी म्हणजे शिवणबाई. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं आणि त्या यंत्रावर अर्ध्या पेठेचे कपडे शिवले जात. गेली कित्येक वर्षं, आठवड्यातून एकदा, दुपारी बाजार पेंगत असताना त्या बटणवाल्यांच्या दुकानाची पायरी चढत. दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मध्ये चुकून राहिलेली फट. एक गिऱ्हाईक आत शिरलं की ते उलट्या पावलांनी बाहेर येईपर्यंत दुसऱ्याने रस्त्यात उभं राहायचं. पण त्या फटीत काय नव्हतं? रिळं, हुक, चेन, इलॅस्टिक, अस्तराचे तागे, वरून लोंबणाऱ्या लेसच्या झालरी आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके. प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या मालाचं एकेक बटण टाचून ठेवलेलं, त्यामुळे ती अख्खी भिंत हजार डोळ्यांनी गिऱ्हाइकाकडे टक लावून बघत बसे. नवखं माणूस बिचकायचं. शिवणबाई त्या भिंतीकडे अशा बघायच्या की भिंतच नजर खाली वळवायची.

"काय, आहे का काही घेण्यासारखं, की मागच्या वेळचीच रद्दी?" इथून सुरुवात.

"बाई, तुमच्यासाठी म्हणून वेगळी काढून ठेवलीत. शिंपल्याची. हात लावून बघा."

बाई हात लावत नसत. एक बटण उचलून समोरच्या दातांवर टक टक वाजवत. शिंपल्याचं असलं की आवाज वेगळा येतो, आणि स्पर्श गार लागतो. खरं असूनही त्या तोंड वाकडं करत. "हा कसला शिंपला! शिंपल्याला बघून आलेलं प्लॅस्टिक आहे हे. कितीला म्हणालात?"

"अजून म्हणालो कुठे? डझनाला साठ."

इथे बाई हसत. ते हसणं ऐकायला शेजारचा घड्याळवाला डोळ्याचं भिंग काढून बाहेर येई. मग बाई तीस म्हणत. मग बटणवाले कपाळाला हात लावून म्हणत, "म्हणजे घरातले पैसे घालून विकू का? सांगा ना, बायकोला विचारून येतो." बाई म्हणत, "विचारा. तिला व्यवहार कळतो." असं करत करत गाडी पंचेचाळीसवर येऊन थांबे. तिने तिथेच थांबायचं असतं, हे दोघांनाही पहिल्या वाक्याच्या आधीपासून ठाऊक असे. तरी प्रवास दोघंही खिडकीत बसून करत.

शेवटाआधीची एक पायरी मात्र कधी चुकत नसे. बाई पिशवी उचलून "नको मग" म्हणत आणि बाहेर पडत. बटणवाले लगेच हाक मारत नसत. त्या किती लांब गेल्यावर हाक मारायची हे एक शास्त्र आहे. लवकर मारली तर भाव पडतो, उशिरा मारली तर बाई जाते. बटणवाले त्या शास्त्रात पंडित होते. "बाई! या इकडे!" अशी हाक बरोबर वेळेला पडे, आणि बाई अशा वळत, जणू काही विसरून राहिलं म्हणूनच वळल्या.

हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बाईंचा हात मोडला.

माळ्यावरचं कापड काढताना स्टूल कलंडलं. उजवा हात मनगटाजवळ मोडला, प्लास्टर घातलं आणि यंत्र बंद पडलं. पेठेतल्या बायका चांगल्या होत्या, पण लग्नं आणि बारशी हात जुळून येईपर्यंत थांबत नाहीत. ब्लाऊज दुसरीकडे गेले. दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक परत यायला लाजतं. बटणवाल्यांच्या दुपारी अचानक एवढ्या लांबल्या, की त्यांनी सगळ्या खोक्यांवरची धूळ पुसली आणि पुसून झाल्यावर परत पहिल्यापासून पुसायला घेतली.

प्लास्टर निघाल्यावर एका दुपारी बाई आल्या. बटणवाले गादीवरून अर्धे उठले. बाईंचा उजवा हात डाव्यापेक्षा बारीक झाला होता, बांगडी कोपरापर्यंत वर सरकली होती. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शर्टाची पांढरी द्या. सहा."

सहा! जी बाई डझनांच्या गोष्टी करायची तिच्या तोंडून सहा! बटणवाल्यांनी त्या हाताकडे बघितलं, मग त्या सहांकडे बघितलं, आणि आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. साठ नाही, पंचेचाळीस नाही, एकदम चाळीसचा भाव लावला. वर म्हणाले, "सहाचे वीस होतात बाई. पण राहू द्या, सावकाश द्या. मी कुठे पळून जातोय?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पाकीट काढून वीस मोजून ठेवले, सहा बटणं पिशवीत टाकली आणि एक शब्द न बोलता खाली उतरल्या. दातांवर वाजवून बघितलं नाही. हाक मारायची तर कशासाठी, सौदा तर झाला होता!

त्या संध्याकाळी बटणवाले स्वतःच्या मोठ्या मनावर खूश होऊन फिरत होते. दुकानामागच्या खोलीत जेवायला बसल्यावर त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

"मग? काय म्हणाल्या त्या?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही? त्या बाई?" बायकोने पोळी तव्यावर तशीच ठेवली. "मग तुमचं काहीतरी चुकलंय."

"अगं, मी उपकार केले!"

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली आणि पोळी उलटली. करपली होती. ती बटणवाल्यांच्या ताटात पडली.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाहीत. आणि नेमकं त्याच सुमारास समोरच्या बाजूला, जिथे आधी चपला दुरुस्त व्हायच्या, तिथे एक नवं दुकान उघडलं. बटणांचं!

दुकान कसलं, आरसेमहाल. काचेचं काउंटर, काचेचे कप्पे, कप्प्यांत दिवे. बटणं अशी मांडलेली की विकायची आहेत की त्यांचं लग्न ठरवायचं आहे, कळू नये. मालक तिशीचा, केस तेल लावून चापून बसवलेले, बूट चकचकीत, हसणंही चकचकीत. बटणवाल्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'चकचक्या' ठेवलं आणि शेजारच्या घड्याळवाल्याला सांगितलं, "असली दुकानं टिकत नाहीत. दिव्याचं बिलच खाईल त्याला." घड्याळवाला म्हणाला, "गर्दी तर दिसतेय." घड्याळवाल्याशी बटणवाले पुढे दोन दिवस बोलले नाहीत.

पण गर्दीचं दुःख त्यांनी गिळलं असतं. दुकानदाराच्या पोटात समोरच्याच्या गर्दीसाठी एक वेगळी जागाच असते. खरा घाव त्या दुपारी बसला, ज्या दुपारी शिवणबाई रस्त्याने आल्या, बटणवाल्यांच्या पायरीसमोरून तशाच पुढे गेल्या आणि समोरच्या काचेच्या दारातून आत शिरल्या.

बटणवाले लेसच्या झालरीमागे सरकले. दोन झालरींच्या फटीतून समोरचं काचेचं दुकान एखाद्या तंबूतल्या खेळासारखं स्वच्छ दिसत होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. बाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली. चकचक्याने एक ट्रे पुढे केला. बाईंनी एक बटण उचललं. बटणवाल्यांनी श्वास रोखला. बाईंनी ते बटण समोरच्या दातांवर वाजवलं.

टक टक.

काचेपलीकडून आवाज येणं शक्य नव्हतं, पण बटणवाल्यांना तो ऐकू आला. अंगाचा तिळपापड म्हणजे काय, हे त्यांना आजवर फक्त ऐकून माहीत होतं. दुसऱ्याच्या दुकानात! त्या दिव्याच्या उजेडात! लोकांना दिसेल असं! वर बाई हातवारे करून बोलत होत्या, बारीक झालेला तो उजवा हात हवेत फिरत होता, आणि मध्येच त्यांनी मान मागे टाकली. हसल्या.

"अहो भाऊ, मी गुलाबी अस्तर मागितलं होतं," गल्ल्यासमोर उभी असलेली एक बाई म्हणाली.

बटणवाल्यांनी अडीच मीटर मरून रंगाचं अस्तर फाडून ठेवलं होतं.

"गुलाबीच आहे," ते म्हणाले. "घरी नेल्यावर फिकट होईल."

ती बाई गेली ती समोरच्या दुकानात गेली.

बायकोच्या हे सगळं लक्षात यायला वेळ लागला नाही. ती दुपारी मागच्या खोलीतून चहा घेऊन येई तेव्हा नवरा झालरीत तोंड घालून बसलेला असे.

"आल्या का तुमच्या बाई?"

"माझ्या कसल्या! गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक काय, येतं जातं."

"मग मान अवघडेपर्यंत काय बघताय?"

"बघतो म्हणजे... बाजार बघतो. आज अर्धा तास झाला तिथे. अर्धा तास! माझ्याकडे कधी पाव तासाच्या वर थांबल्या नाहीत."

"मी माहेरी जाऊन महिनाभर राहिले होते," बायको चहा ठेवत म्हणाली, "तेव्हा तुम्ही माझी पत्रंसुद्धा उघडली नव्हती."

"तू परत येणार हे माहीत होतं ना," बटणवाले म्हणाले. या उत्तराने आपण सुटलो असं त्यांना वाटलं, आणि चहात साखर नाही हे त्यांना घोट घेतल्यावर कळलं.

एवढं झाल्यावर त्यांनी एक प्रयत्न करून बघितला. बाई समोरून जाताना दिसताच ते पायरीवर आले आणि रस्ताभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, नवी शिंपल्याची आलीत. तुमच्यासाठी म्हणून अगदी स्वस्तात लावतो. या ना!"

बाई थांबल्या. वळल्या. "स्वस्तातला माल नको मला," त्या म्हणाल्या आणि समोर निघून गेल्या.

बटणवाल्यांना वाटलं, भाव अजून खाली आणायला हवा. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात पस्तीसपर्यंत उतरून बघितलं. पस्तीसच्या खाली त्यांना झोप लागली.

सकाळी त्यांनी बायकोला हेर म्हणून पाठवायचं ठरवलं. तिला तिथे कोणी ओळखत नव्हतं. "काहीही घे. पण भाव कर. आणि तो कसा बोलतो, कसा उतरतो, सगळं बघून ये."

बायको साडी बदलून गेली. इतका वेळ लावला की बटणवाल्यांना ही पण फितूर झाली असं वाटायला लागलं. आली ती हातात लेसचं पुडकं आणि चेहऱ्यावर वेगळीच टवटवी घेऊन.

"फार गोड बोलतो हो. मला मावशी म्हणाला. खुर्ची दिली बसायला. आपल्याकडे खुर्ची का नाही?"

"खुर्ची ठेवली तर मी कुठे बसू? भावाचं सांग!"

"त्याने वीस सांगितले. मी बारा म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. बारा घेतले."

"म्हणजे? कुरकूर? शपथा? तोट्यात जातोय, बायकापोरं उपाशी मरतील, वगैरे?"

"अजिबात नाही. 'बरं मावशी,' म्हणाला आणि बांधून दिलं."

बटणवाले क्षणभर सुखावले. मेल्याला भाव करता येत नाही! शाळेतच गेला नाही हा! पण पुढच्याच क्षणी त्यांच्या डोक्यात असा काही किडा वळवळला की त्यांनी पुडकं गल्ल्यावर आपटलं. जो पहिल्या वाक्यालाच उतरतो, त्याच्या दुकानात शिवणबाई अर्धा अर्धा तास काय करतात?

हे कोडं नुसतं बघून सुटणारं नव्हतं. ते ऐकायलाच हवं होतं.

पुढची बाईंची दुपार आली तेव्हा बटणवाल्यांनी गल्ला बायकोच्या ताब्यात दिला, स्वच्छ सदरा घातला आणि नवीन शेजाऱ्याला शुभेच्छा द्यायच्या हे कारण तोंडात तयार धरून रस्ता ओलांडला. एवढाच रस्ता, रोज झाडायचा. पण तो ओलांडताना अख्खी पेठ आपल्याकडे बघते आहे असं त्यांना वाटलं. अख्खी नव्हती. फक्त घड्याळवाला बघत होता, आणि तोही भिंगातून.

चकचक्या उठून उभा राहिला. "या या काका! तुम्ही समोरचे ना? बसा ना."

"बसत नाही. नुसता माल बघतो," बटणवाले म्हणाले आणि कोपऱ्यात चेन टांगलेली गोल फिरणारी मांडणी होती तिच्यामागे जाऊन उभे राहिले. मांडणी जरा जास्तच फिरत होती. दोन वेळा त्यांच्या नाकावरून गेल्यावर त्यांनी ती घट्ट धरून ठेवली.

तेवढ्यात बाई आल्या. नेहमीसारखी पिशवी ठेवली. ट्रे आला. दातांवर टक टक झालं. बटणवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"कितीला?"

"साठ, मावशी."

"तीस."

"बरं मावशी, तीस."

"झालं!" बाईंनी बटण ट्रेमध्ये टाकलं. "परत तेच! किती वेळा सांगितलं तुम्हाला? मी तीस म्हटलं की तुम्ही काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं?" चकचक्या आठवू लागला. पाठांतर न झालेल्या पोरासारखा तो छताकडे बघत होता. "हां. म्हणजे... घरातले पैसे घालून... विकू का."

"असं नाही हो! असं शोकसंदेश वाचल्यासारखं काय म्हणताय? कपाळाला हात लावा आधी. मग म्हणा, 'घरातले पैसे घालून विकू का? बायकोला विचारून येतो!'"

"पण माझं लग्न झालं नाही, मावशी."

"नसू द्या! ज्याचं झालंय तो तरी कुठे विचारायला जात होता?"

मांडणीमागे बटणवाल्यांच्या कानशिलात रक्त उसळलं. ते वाक्य त्यांचं होतं! कपाळावरचा हात त्यांचा होता! त्यांचं अख्खं दुकान, माल सोडून, बाई इथे दर खेपेला थोडं थोडं करून वाहून आणत होत्या आणि या गुळगुळीत माणसाला बहाल करत होत्या. समोरच्याने गिऱ्हाईक पळवलं तर बोंबलता येतं. गिऱ्हाइकानेच आपल्याला पळवून समोरच्यात ओतायला घेतलं तर कोणाकडे दाद मागायची?

आणि ओतूनसुद्धा तो रिकामाच! चकचक्याने कपाळाला हात लावला, पण डोकं दुखत असल्यासारखा. म्हणाला, "घरातले पैसे घालून विकू का बायकोला?"

हे मात्र बटणवाल्यांच्याने ऐकवलं नाही.

"अरे गाढवा!" चेनची मांडणी गरकन फिरवत ते बाहेर आले. "बायकोला कशाला विकतोस! सरक तिकडे. दे तो ट्रे इकडे!"

चकचक्या सरकला. वयाचा मान म्हणून सरकला की धसक्याने, हे त्यालाच माहीत. बटणवाले काचेच्या काउंटरमागे, दिव्याच्या उजेडात उभे राहिले. समोर बाई.

"साठ," बटणवाले म्हणाले.

"दुकान कोणाचं आणि भाव सांगतंय कोण?" बाई म्हणाल्या. "तुम्ही काय आता दुसऱ्यांच्या गल्ल्यावर नोकरी धरलीत?"

"साठ म्हणजे साठ. माल बघा. खरा शिंपला आहे."

"तुम्हाला काय माहीत? तुमच्याकडे आयुष्यात कधी खरा होता का?"

"मग इतकी वर्षं काय दगड नेलेत?"

"दगडच! पण निदान भाव तरी दगडासारखे घट्ट सांगायचात!" बाईंचा आवाज चढला आणि उजवा हात काउंटरवर आपटला. तो बारीक हात, कोपराकडे सरकलेली बांगडी. बटणवाल्यांची नजर तिकडे गेली. गेली म्हणजे गेलीच, आणि त्यांचा साठ घशात जरा पातळ झाला.

"बघा! परत तेच!" बाई म्हणाल्या. "तिकडे काय बघताय? इकडे बघा, माझ्या तोंडाकडे. भाव तोंडाशी करायचा. त्या दिवशी पण हाताकडे बघून भाव सांगितलात. हात दाखवायचा तो मी डॉक्टरला दाखवते. तुमच्याकडे मी बटणं घ्यायला आले होते. सहा तर सहा! सहा बटणांचा भाव करता येत नाही का माणसाला? हात पसरला होता का मी?"

चकचक्या एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. चुकलं म्हणायची बटणवाल्यांना सवय नव्हती. घरी ते बायकोला चुकलं म्हणायच्या ऐवजी दळण आणून देत. इथे दळण कुठलं? त्यांच्या हाताशी फक्त एक ट्रे होता आणि तोही दुसऱ्याचा. त्यांनी घसा खाकरला, बाईंच्या तोंडाकडे, सरळ तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले,

"साठ नाही. सत्तर."

"सत्तर!" बाई ओरडल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की काचेखालचे दिवे फिके पडावेत. "लाज नाही वाटत? सत्तरला तर मी शिंपला धरून त्याला घरी पाळीन!"

"पाळा! त्याला खायला काय घालाल?"

"तुमचं डोकं! पंचवीस."

"पंचवीसला भोकं मिळतील. बटणाशिवाय. अडुसष्ट."

"भोकंच मोठी आहेत, बटण शोधावं लागतंय. अठ्ठावीस."

दारात माणसं जमली. घड्याळवाला तर कोणाचं तरी उघडं घड्याळ हातात घेऊनच आला. चकचक्या आता काउंटरच्या गिऱ्हाइकाकडच्या बाजूला खुर्चीवर बसला होता आणि पोरं गोष्ट ऐकतात तसा तोंड उघडं टाकून ऐकत होता. बटणवाल्यांना मात्र आजूबाजूचं काही दिसत नव्हतं. कित्येक आठवड्यांचा साठलेला जळफळाट, एकेक करून, भाव होऊन बाहेर पडत होता. मध्येच त्यांनी विचारलं सुद्धा, "याच्याशी हसत काय होतात?" आणि बाई म्हणाल्या, "रडायला येत होतं म्हणून! छप्पन्न का?"

"छप्पन्न कोण म्हणालं? साठ!"

"नको मग." बाईंनी पिशवी उचलली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडल्या.

चकचक्या ताडकन उठला. "मावशी..."

"गप!" बटणवाल्यांनी काउंटरवरून वाकून त्याचा खांदा दाबला. "आत्ता नाही. हे शिकण्यासारखं आहे, नीट बघ. त्यांचं पाऊल जरा जड पडेल. मान किंचित तिरकी होईल. तेव्हा हाक द्यायची."

सगळी गर्दी बाईंच्या पावलांकडे बघू लागली. बटणवाल्यांनी मान ताठ केली. आज सगळी पेठ बघत होती, आणि चकचक्याला दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी हाक एक क्षण जास्त धरून ठेवली. मग अजून एक क्षण. इतके महिने सराव नव्हता. बाईंचं पाऊल जड पडलं, मान तिरकी झाली, आणि हाक आली नाही तशी सरळ झाली. बाईंनी रस्ता ओलांडला आणि बटणवाल्यांच्या स्वतःच्या दुकानाची पायरी चढल्या.

गल्ल्यावर बायको बसली होती.

काचेच्या दुकानातून बटणवाल्यांना सगळं स्वच्छ दिसलं. बायकोने खोका काढला. बाईंनी बटण दातांवर वाजवलं. बायको काहीतरी म्हणाली. बाई हसल्या, ते खास हसू, मान मागे टाकून. आणि बायकोने कपाळाला हात लावला नाही, शपथा घेतल्या नाहीत. तिने नुसतं खोक्याचं झाकण लावलं आणि विणायला घेतलं.

"काका," चकचक्या हळूच म्हणाला, "हे तर तुमच्यापेक्षा भारी आहे."

बटणवाले गर्दीतून असे सुटले की घड्याळवाल्याच्या हातातल्या घड्याळाचा एक स्क्रू अजून सापडलेला नाही. रस्ता ओलांडून ते स्वतःच्या पायरीपाशी आले. पण आत जायला जागा कुठे होती? दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक मावतं.

"हे बघा, माझ्या नवऱ्याला विचारू नका," बायको आत बाईंना सांगत होती, "तो कोणालाही कुठल्याही भावात देतो. पंच्याण्णव म्हणजे पंच्याण्णव."

"पंच्याण्णव! अगं बाई, जीव घेतेस का?"

"जीव स्वस्त आहे, बटणं महाग आहेत. बोला."

"पन्नास."

"बावन्नचा खोका खाली आहे. त्यात जुन्या कपड्यांवरून उसवलेली बटणं आहेत. दाखवू?"

बाई गल्ल्यावर हात टेकून हसत होत्या. पंचेचाळीसवर थांबणारी गाडी पन्नास ओलांडून भलतीकडेच निघाली होती, आणि चालवणारी बटणवाल्यांची स्वतःची बायको होती, जिने लग्नापासून आजवर त्यांच्याशी एकदाही भाव केला नव्हता. ते चवड्यांवर उभे राहून, बाईंच्या खांद्यावरून दुकानात डोकावत ओरडले,

"बाई, तिच्याकडून घेऊ नका! मी पन्नासला देतो! अठ्ठेचाळीसला!"

दोघींनी एकदम मागे वळून बघितलं.

"मध्ये बोलू नका हो," शिवणबाई म्हणाल्या. "तुमचं उद्या. आत्ता इथे भाव चाललाय."